रूममेट गेला, युनियन आली

२०१३ च्या जानेवारीत उत्तर अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीगचे संघमालक आणि खेळाडू यांच्यात जवळपास चार महिन्यांच्या टाळेबंदीनंतर करार झाला. उत्पन्नाची वाटणी, पगाराची मर्यादा, कराराची मुदत या मोठ्या भांडणांच्या गर्दीत एक बारीकसं कलमही त्यात होतं. दौऱ्यावर प्रत्येक खेळाडूला हॉटेलात स्वतंत्र खोली मिळेल. कारकिर्दीतल्या पहिल्याच करारावर असलेली पोरं तेवढी दोघा-दोघांत राहतील. वर्तमानपत्रांनी त्याची फारशी दखल घेतली नाही, पण जुन्या खेळाडूंमध्ये हळहळ झाली. वर्षानुवर्षं एकाच खोलीत घोरणं ऐकलेली, एकमेकांच्या बायकांचे फोन उचललेली ही माणसं. त्यांच्या मते संघ घडतो तो खोलीत, रेल्वेच्या डब्यात आणि सामन्यानंतरच्या बिअरच्या टेबलावर. आताची पोरं सामना संपला की कानात हेडफोन घालून आपापल्या वाटेने जातात, हे त्यांचं नेहमीचं गाऱ्हाणं.

ही हॉकी बर्फावरची. कॅनडात तिला नुसतं हॉकी म्हणतात आणि आपल्या मैदानी हॉकीला वेगळं विशेषण लावावं लागतं. गाऱ्हाणं खरं आहे, पण अर्धंच. सहवास कमी झाला यात वाद नाही. मात्र संकटात सोबत्यासाठी उभं राहण्याचा हिशेब मांडला, तर चित्र जवळजवळ उलटं दिसतं. ज्या काळाला सगळे दोस्तीचा सुवर्णकाळ म्हणतात, त्या काळात मित्र एकमेकांना ऐनवेळी सोडून गेले. आणि ज्यांच्यावर आपमतलबीपणाचा शिक्का आहे, त्या पिढ्यांनी एकमेकांसाठी पगारावर पाणी सोडलं.

सुरुवात आगगाडीपासून करू. १९४२ ते १९६७ या काळात लीगमध्ये फक्त सहा संघ होते: मॉन्ट्रियल, टोरंटो, डेट्रॉइट, शिकागो, बॉस्टन आणि न्यूयॉर्क. १९४९ पासून हंगाम सत्तर सामन्यांचा झाला, म्हणजे प्रत्येक संघाची उरलेल्या पाचांपैकी प्रत्येकाशी चौदा वेळा गाठ पडायची. शनिवारी रात्री एका शहरात आणि रविवारी दुसऱ्या शहरात, पण प्रतिस्पर्धी तोच, असंही वारंवार व्हायचं. मधला प्रवास रात्रीच्या गाडीने, आणि बऱ्याचदा दोन्ही संघ एकाच गाडीत, वेगवेगळ्या डब्यांत. तीन तासांपूर्वी ज्याच्या काठीने हनुवटी फुटली, तोच जेवणाच्या डब्यात समोरून यायचा. बोलायचं कोणीच नाही. प्रतिस्पर्ध्याशी सलगी म्हणजे गद्दारी, असं वरून बजावलेलं होतं आणि खेळाडूंनाही ते मनापासून पटलेलं होतं.

स्वतःच्या डब्यात मात्र पत्ते, सिगारेटी, बिअर आणि झालेल्या सामन्याची चिरफाड. वेळ भरपूर, करायला दुसरं काही नाही. तिशीतला बचावपटू विशीतल्या पोराला टेबलावरच्या मीठदाण्या सरकवत पोझिशन समजावतोय, असल्या आठवणी त्या पिढीच्या बोलण्यात हटकून येतात. आणि घरीही तेच. डेट्रॉइटच्या ऑलिंपिया स्टेडियमजवळ 'मा' शॉ या बाईंचं घर होतं. रेड विंग्जची अविवाहित पोरं तिथे भाड्याने राहायची. गॉर्डी हाउ, टेड लिंडसे, मार्टी पॅव्हेलिच अशी पुढे नावाजलेली मंडळी त्यांत होती. गिरणगावातल्या गाळ्यात पथारी टाकून खानावळवाल्या बाईकडे दोन वेळचं जेवणाऱ्या कामगारांचं जे नातं जमायचं, तशाच जातीचं हे नातं. हाउ, लिंडसे आणि सिड एबेल यांच्या त्रिकुटाला मोटारींच्या शहराने 'प्रॉडक्शन लाइन' असं नाव दिलं. १९४९-५० च्या हंगामात लीगच्या गुणतक्त्यात पहिले तिघं हेच होते. १९५० ते १९५५ या काळात डेट्रॉइटने चार वेळा लीगच्या विजेतेपदाचा स्टॅनले कप नेला.

आता त्याच घराची दुसरी बाजू. सहा संघ म्हणजे संपूर्ण लीगमध्ये जेमतेम सव्वाशे नोकऱ्या. गोलकीपरच्या तर खऱ्या अर्थाने सहाच, कारण सामन्याला दुसरा गोलकीपर तयार ठेवायची सक्ती १९६५ पर्यंत नव्हती. खालच्या लीगमध्ये तुमची जागा घ्यायला टपलेले शेकडो. त्यामुळे मोडलेलं बोट डॉक्टरला दाखवायचं नाही, सुजलेला गुडघा शेजाऱ्यालाही दाखवायचा नाही. पगार किती, हे सांगायचं नाही. मॅनेजर प्रत्येकाला एकट्याला खोलीत बोलवायचा, कागद पुढे सरकवायचा आणि हे आपल्या दोघांतच ठेव म्हणायचा. जिगरी दोस्तांनाही एकमेकांचे आकडे ठाऊक नव्हते. पत्त्यांच्या डावात सगळं कळायचं, हे सोडून.

लिंडसेला पहिली शंका आली ती पेन्शनवरून. १९४७ पासून खेळाडू दरवर्षी पगारातून निधीला पैसे देत होते. लिंडसे आणि मॉन्ट्रियलचा डग हार्वी हे दोघे निधीच्या मंडळावर खेळाडूंचे प्रतिनिधी, पण हिशेबाची वही कोणी दाखवेना. बर्फावर हे दोघे हाडवैरी. तरी १९५६-५७ च्या हंगामात दोघांनी गुपचूप बोलायला सुरुवात केली, बाकीच्या संघांतल्या एकेकाला धरलं, आणि १९५७ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कमध्ये खेळाडूंची संघटना जाहीर केली. एखाददुसरा अपवाद सोडता लीगमधला प्रत्येक जण सभासद झाला होता. वैऱ्याशी बोलायचं नाही हा दंडक का पाळायला लावला जात होता, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं असेल.

मालकांनी उत्तर द्यायला उशीर केला नाही. डेट्रॉइटचा मॅनेजर जॅक अ‍ॅडम्स याने त्या उन्हाळ्यातच लिंडसेला शिकागोला पाठवून दिलं. शिकागो तेव्हा तळातला संघ, म्हणजे ही काळ्या पाण्याचीच शिक्षा. टोरंटोचा जिमी थॉमसन हाही संघटनेत पुढे होता; तोही शिकागोलाच गेला. आणि मग डोळ्यांत भरणारी गोष्ट घडली. १९५७ च्या नोव्हेंबरमध्ये ज्या संघाने संघटनेतून सर्वांत आधी अंग काढून घेतलं, तो होता लिंडसेचाच जुना संघ. हाउ, ज्याच्यासोबत त्याने एका छपराखाली वर्षं काढली होती, जो त्याचा लग्नाआधीचा रूममेट होता, तो त्याच्या बाजूने उभा राहिला नाही. वर्षभरात संघटना मिटली. किमान पगार सात हजार डॉलर आणि पेन्शनमध्ये थोडी वाढ एवढं पदरात पडलं.

आपल्याकडच्या वाचकाला इथे खडकीच्या धनराज पिल्लेची आठवण येईल. १९९८ मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत भारताला हॉकीचं सुवर्ण ३२ वर्षांनी मिळालं, आणि मानधनाचा विषय काढणाऱ्या धनराजसह त्या संघातले अर्धा डझन खेळाडू लगोलग पाकिस्तानविरुद्धच्या मालिकेतून बाहेर. विश्रांती दिली, असं तेव्हा सांगण्यात आलं. देश वेगळा, बर्फाऐवजी कृत्रिम गवत, पण मॅनेजर लोकांची युक्ती तीच. पुढे होणाऱ्याला बाजूला काढा, बाकीचे आपोआप गप्प बसतात.

हाउला दोष देणं सोपं आहे. मला तो दुष्ट वाटत नाही. तो त्या घरातला आदर्श मुलगा होता, आणि ते घर मालकाचं होतं. त्याची किंमत त्याला स्वतःलाही मोजावी लागली. वर्षानुवर्षं तो समजत होता की डेट्रॉइटमध्ये सर्वांत जास्त पगार आपलाच. १९६८ च्या सुमारास संघात नव्याने आलेला बचावपटू बॉब बॉन याने त्याला सरळ सांगितलं की माझा तुझ्यापेक्षा जास्त आहे. चाळिशीला आलेला, लीगच्या इतिहासातला सर्वाधिक गोल करणारा माणूस मग मालकाकडे गेला आणि एका भेटीत पगार एक लाख डॉलरवर आला. पुढे पेन्शनच्या निधीतले शिल्लक पैसे लीगने भलतीकडे वळवले म्हणून कार्ल ब्रूअर आणि इतर माजी खेळाडूंनी कोर्टात दावा लावला, तेव्हा दावेदारांत हाउचं नाव होतं. १९९२ मध्ये निकाल खेळाडूंच्या बाजूने लागला. लिंडसेने १९५६ साली मागितलेली वही उघडायला एवढी वर्षं लागली.

लिंडसेचा स्वभाव सांगायला आणखी एक प्रसंग पुरे. १९६६ मध्ये त्याची निवड हॉल ऑफ फेममध्ये झाली. समारंभाची मेजवानी फक्त पुरुषांसाठी होती. बायको-मुलांना आणता येणार नसेल तर मीही येत नाही, म्हणून तो गेलाच नाही. आज खेळाडू स्वतः मतदान करून हंगामातला सर्वोत्तम खेळाडू निवडतात, त्या पुरस्काराला २०१० पासून त्याचं नाव आहे.

एकत्र राहण्याने प्रेमच वाढतं असंही नाही. टेरी सॉचक हा त्या काळातला कदाचित सर्वश्रेष्ठ गोलकीपर. १९७० च्या वसंतात न्यूयॉर्क रेंजर्सचा एक सहकारी आणि तो लाँग आयलंडवर भाड्याच्या घरात राहत होते. घरखर्चावरून बाचाबाची झाली, धक्काबुक्की झाली, सॉचकला आत जबर मार बसला आणि महिनाभरात तो गेला. वय ४०. न्यायालयाच्या ज्युरीने तो अपघात ठरवला. डब्यातल्या गाण्यागप्पांच्या आठवणी सांगताना हा प्रसंग सहसा कोणी सांगत नाही.

१९६७ मध्ये लीग एका फटक्यात सहावरून बारा संघांची झाली. शहरं पश्चिम किनाऱ्यापर्यंत पसरली, आगगाडी सुटली, विमान आलं. त्याच वर्षी अ‍ॅलन ईगल्सन या वकिलाच्या पुढाकाराने खेळाडूंची संघटना पुन्हा उभी राहिली आणि यावेळी टिकली. (पुढे याच ईगल्सनला खेळाडूंच्या पैशांच्या अफरातफरीबद्दल १९९८ मध्ये शिक्षा झाली. म्हणजे मालकांच्या हातून सुटून खेळाडू बराच काळ भलत्याच्या हाती सापडले होते.) सत्तरच्या दशकातले फिलाडेल्फिया फ्लायर्स आणि ऐंशीच्या दशकातले एडमंटन ऑइलर्स हे जुन्या पद्धतीच्या जवळिकीचे शेवटचे मोठे नमुने म्हणता येतील. फ्लायर्सनी १९७४ आणि १९७५ मध्ये कप जिंकला तो बऱ्याच अंशी मारामारीच्या जोरावर, आणि एकाला हात लावला तर वीस जण धावून येतात ही त्यांची ख्याती होती. एडमंटनमध्ये वेन ग्रेट्झकी आणि केव्हिन लो एका फ्लॅटमध्ये राहायचे, सगळेच विशीतले, सगळेच एका बर्फाळ गावात अडकलेले. त्यांनी सात वर्षांत पाच कप जिंकले आणि त्या पाचही संघांत सात खेळाडू कायम होते. हा आकडा लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल. १९८८ मध्ये मालकाने ग्रेट्झकीलाच लॉस एंजेलिसला विकलं, हेही लक्षात ठेवा.

एव्हाना ड्रेसिंग रूममध्ये दुसऱ्या भाषा ऐकू येऊ लागल्या होत्या, आणि संघभावनेची खरी परीक्षा तिथे झाली. साठच्या दशकापर्यंत जवळजवळ सगळे खेळाडू कॅनडाचे होते. आज कॅनडाचे निम्म्याहून कमी आहेत. १९७३ मध्ये स्वीडनचा बोर्जे साल्मिंग टोरंटोला आला, तेव्हा प्रतिस्पर्धी त्याला भेकड म्हणून शिव्या घालायचे आणि मुद्दाम काठ्यांनी झोडायचे. तो मार खात खेळत राहिला, सोळा हंगाम तिथेच खेळला. त्याला स्वीकारलं गेलं ते तो कॅनडाच्या पोरांसारखा सोसतो हे दिसल्यावर. म्हणजे दार उघडलं, पण आत येणाऱ्याने आमच्यासारखंच व्हायचं, ही अट कायम राहिली.

रशियन खेळाडू आले ते याहून विचित्र घडणीतून. मॉस्कोचा लष्करी संघ, ज्यातून बहुतांशी सोव्हिएत राष्ट्रीय संघ बनायचा, वर्षातले दहा-अकरा महिने अर्खांगेल्स्कोये इथल्या छावणीत कोंडलेला असायचा. घर मॉस्कोत, बायका-मुलं मॉस्कोत, आणि हे कुंपणाआड. प्रशिक्षक व्हिक्टर तिखोनोव्ह रजा देत नसे. बर्फावर या संघाच्या पहिल्या फळीतल्या पाच जणांचा मेळ असा की एकमेकांकडे न बघता पास जायचा. जगात तसा खेळ कोणी पाहिला नव्हता. सहवासाने संघ घडतो हा सिद्धान्त खरा मानला तर याहून मोठा पुरावा नाही. पण इगोर लारिओनोव्हने १९८८ मध्ये 'ओगोन्योक' साप्ताहिकात तिखोनोव्हला उघड पत्र लिहून या कोंडवाड्याविरुद्ध आवाज उठवला. पाठोपाठ कप्तान व्याचेस्लाव फेटिसोव्हने अमेरिकेत खेळण्याची परवानगी मागितली आणि त्याला संघाबाहेर काढलं गेलं. तेव्हा काही सोबत्यांनी तो नसेल तर आम्हीही जागतिक स्पर्धेत खेळणार नाही, असं टेलिव्हिजनवर सांगितलं. अधिकाऱ्यांनी माघार घेतली. अलेक्सेई कासातोनोव्ह मात्र त्यात नव्हता. तो फेटिसोव्हचा वर्षानुवर्षांचा बचावातला जोडीदार आणि सर्वांत जवळचा मित्र.

गंमत पुढे आहे. १९८९-९० च्या हंगामात फेटिसोव्ह न्यू जर्सीला आला आणि काही महिन्यांत त्याच संघाने कासातोनोव्हलाही आणलं. दोघे एका संघात, एका भाषेचे, अनोळखी देशात, आणि एकमेकांशी बोलत नव्हते. तरी बर्फावर उतरले की जोडी जुळायची. संघभावना आणि मैत्री ही दोन वेगळी कामं आहेत, याचं याहून स्वच्छ उदाहरण खेळांच्या इतिहासात मला तरी माहीत नाही.

फेटिसोव्ह पुढे डेट्रॉइटला गेला आणि तिथे कोच स्कॉटी बोमनने एक प्रयोग केला. सर्गेई फेडोरोव्ह, व्लादिमीर कॉन्स्टँटिनोव्ह आणि व्याचेस्लाव कोझलोव्ह आधीपासून होते. १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये लारिओनोव्ह आला. त्या महिन्याच्या २७ तारखेला कॅलगरीत पाचही रशियन एकाच वेळी बर्फावर उतरले. संघात संघ तयार होईल, कॅनडाच्या पोरांना राग येईल, अशी भीती होती. झालं वेगळंच. या पाचांमुळे बाकीच्यांचाही खेळ बदलला. पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, पुढे भिरकावून मागे धावण्यापेक्षा तो आपल्याकडे ठेवावा, हे सगळे शिकले. १९९७ मध्ये डेट्रॉइटला ४२ वर्षांनी कप मिळाला, तेव्हा कप्तान स्टीव्ह आयझरमनने तो हातात घेतल्यावर पुढे दिला फेटिसोव्हकडे, आणि फेटिसोव्हने लारिओनोव्हला सोबत घेऊन फेरी मारली. आठवड्याच्या आतच, १३ जूनला, ज्या लिमोझिनमध्ये फेटिसोव्ह, कॉन्स्टँटिनोव्ह आणि संघाचे मालिशवाले सर्गेई म्नात्साकानोव्ह होते, ती झाडावर आदळली. कॉन्स्टँटिनोव्ह आणि म्नात्साकानोव्ह यांच्या मेंदूला कायमची इजा झाली. पुढचा पूर्ण हंगाम संघाने दोघांच्या आद्याक्षरांची पट्टी छातीवर लावली, त्यावर 'बिलीव्ह' हा शब्द इंग्रजी आणि रशियन दोन्ही भाषांत. १९९८ मध्ये वॉशिंग्टनमध्ये पुन्हा कप जिंकल्यावर कॉन्स्टँटिनोव्हला चाकाच्या खुर्चीतून बर्फावर आणलं आणि कप त्याच्या मांडीवर ठेवला. या संघात रूममेट, भाषा, वय, बालपण, यांतलं काहीच सगळ्यांना समान नव्हतं.

आता ज्या गोष्टींबद्दल लीग दीर्घकाळ गप्प होती, त्यांकडे वळावं लागेल, कारण जुन्या दोस्तीचा बराच भाग या गप्पपणावर उभा होता. संघातल्या प्रतिभावान खेळाडूच्या अंगाला कोणी हात लावला तर ठोसे मारायला एक जण ठेवलेला असायचा. संघात सर्वांत लाडका बहुधा तोच. सगळ्यांसाठी मार खाणारा, विनोदी, मनमोकळा. २०११ च्या उन्हाळ्यात असे तीन खेळाडू चार महिन्यांत गेले: डेरेक बूगार्ड, रिक रायपियन, वेड बेलॅक. २८ वर्षांचा बूगार्ड वेदनाशामक गोळ्या आणि दारू यांनी गेला. त्याच्या मेंदूत सततच्या आघातांनी होणारा आजार आढळला. सगळ्यांच्या लाडक्याची अशी अवस्था झाली आणि त्याच्या खोलीतून त्याला बाहेर काढायला कोणाला जमलं नाही. त्यानंतर मारामाऱ्या झपाट्याने घटल्या आहेत आणि केवळ मारामारीसाठी ठेवलेला खेळाडू जवळपास नाहीसा झालाय. रसिकांपैकी काहींना याचं दुःख होतं. मला होत नाही.

नव्या पोरांना 'दीक्षा' देण्याचा प्रकारही असाच. कपडे उतरवून बसच्या संडासात कोंबणं, जबरदस्तीने दारू पाजणं, याला परंपरा म्हटलं जायचं. २००५ मध्ये कॅनडाच्या विंडसर इथल्या ज्युनियर संघात १६ वर्षांच्या अकिम अलियूने यात सामील व्हायला नकार दिला. त्याची किंमत म्हणून सरावात त्याचे दात गेले. हाच अलियू २०१९ मध्ये उघडपणे बोलला की खालच्या लीगमधल्या एका प्रशिक्षकाने त्याला वंशवाचक शिव्या दिल्या होत्या. ते प्रशिक्षक बिल पीटर्स तेव्हा कॅलगरीचे मुख्य कोच होते आणि त्यांना राजीनामा द्यावा लागला. २०१० मध्ये शिकागोने कप जिंकला, त्याच मोसमात संघाच्या व्हिडिओ प्रशिक्षकाने एका तरुण खेळाडूवर लैंगिक अत्याचार केला होता. व्यवस्थापनाने स्पर्धा संपेपर्यंत प्रकरण दाबलं. पण त्याहून जास्त बोचणारी गोष्ट २०२१ मध्ये, तो खेळाडू स्वतःचं नाव घेऊन बोलला तेव्हा कळली: सरावात काही सोबती त्याला त्यावरून टोमणे मारत होते. त्या ड्रेसिंग रूममधली दोस्ती तेव्हा लीगमध्ये आदर्श मानली जायची.

प्रशिक्षकांनाही ही दोस्ती आपल्या हातात हवी असायची. टोरंटोत माइक बॅबकॉकने नवख्या मिच मार्नरला संघातल्यांची मेहनतीनुसार यादी करायला लावली आणि ती यादी तळाशी असलेल्यांना सांगितली. पहिल्याच वर्षी पोराला सोबत्यांवर चुगली करणारा ठरवायचं, याहून हलका डाव नसेल. पण २०२३ मध्ये हेच बॅबकॉक कोलंबसला नेमले गेले, तेव्हा काळ बदललेला दिसला. खेळाडूंशी ओळख करून घ्यायच्या नावाखाली ते त्यांच्या मोबाइलमधले फोटो बघायला मागतात, अशी बातमी फुटली. ज्येष्ठांनी त्यात काही गैर नाही म्हटलं. तरुणांना ते खुपलं होतं. खेळाडूंच्या संघटनेची माणसं कोलंबसला पोचली, आणि एकही सामना होण्याआधी बॅबकॉक यांनी पद सोडलं. १९५७ साली अ‍ॅडम्सने लिंडसेला शिकागोला धाडलं तेव्हा त्याच्या बाजूने कोणीच आलं नव्हतं.

मग सहवासाचं काय झालं? तो खरंच आटला, आणि त्याची कारणं खोलीच्या कलमापेक्षा मोठी आहेत. सामना संपला की खास विमान त्याच रात्री निघतं, त्यामुळे परक्या शहरात एकत्र फिरायची रात्र उरत नाही. आहारतज्ज्ञाने बिअर काढून घेतली. २००४-०५ चा अख्खा हंगाम टाळेबंदीत गेला आणि त्यातून पगाराच्या एकूण रकमेवर कडक मर्यादा आली, पहिल्या वर्षी संघाला ३९ दशलक्ष डॉलर. जिंकणाऱ्या संघाचे खेळाडू महागतात, मर्यादेत मावत नाहीत, निघून जातात. २०१० च्या विजेत्या शिकागोला त्याच उन्हाळ्यात कप उचलणारे आठ-नऊ खेळाडू सोडावे लागले. एडमंटनचे सात जण पाच कपांत टिकले होते, ते आठवा. दोन वर्षांत पांगणार आहोत हे माहीत असलेली माणसं वेगळ्या तऱ्हेने मैत्री करतात. थोडी जपून, पण थोडी लवकरही.

मोबाइलला मी तेवढा दोष देणार नाही. २०१८ मध्ये व्हँकुव्हरच्या बो होर्व्हॅटने सांगितलं की दौऱ्यावर व्हिडिओ गेम बंद, त्यापेक्षा एकत्र जेवू. त्यावर बरंच हसं झालं, पण एका संघाने स्वतःसाठी असा नियम करणं हेच बोलकं आहे: जे पूर्वी आगगाडी आपोआप करून द्यायची, ते आता ठरवून करावं लागतं. २०२० च्या साथीत सगळे बाद फेरीचे सामने टोरंटो आणि एडमंटनमधल्या बंदिस्त हॉटेलांत झाले, तेव्हा टॅम्पा बेच्या विजेत्या संघाने कुटुंबापासून दूर दोन महिन्यांहून जास्त काळ एकत्र काढला. जुन्या काळाची चव मिळाली खरी; ती पुन्हा हवी असं मात्र फार कमी जण म्हणाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या पोलिसी गोळीबाराच्या निषेधार्थ दोन्ही शहरांतल्या संघांनी मिळून दोन दिवसांचे सामने थांबवले. कालपर्यंत एकमेकांना ठोकणारे प्रतिस्पर्धी पत्रकारांसमोर खांद्याला खांदा लावून उभे होते.

खरा बदल इथे आहे. जवळीक संघाच्या भिंतीतून बाहेर पडली. सिडनी क्रॉस्बी आणि नेथन मॅकिनन हे दोन वेगळ्या संघांचे तारे, पण दोघेही नोव्हा स्कोशियातल्या कोल हार्बरचे, आणि उन्हाळ्यात एकत्र सराव करतात. शॉन मोनाहनने २०२४ मध्ये कोलंबसशी करार केला, त्यात कॅलगरीचा जुना सोबती जॉनी गॉड्रो तिथे आहे हे मोठं कारण होतं. ऑगस्टअखेर गॉड्रो आणि त्याचा भाऊ सायकलवर जाताना गाडीच्या धडकेत गेले, आणि शोक एकट्या कोलंबसचा राहिला नाही, अख्ख्या लीगचा झाला. २०२५ च्या फेब्रुवारीत मॉन्ट्रियलमध्ये अमेरिका विरुद्ध कॅनडा सामना सुरू होताच नऊ सेकंदांत तीन मारामाऱ्या झाल्या. एरवी वेगवेगळ्या संघांत खेळणाऱ्या मॅथ्यू आणि ब्रेडी कचुक या भावांनी आणि जे. टी. मिलरने ते आधी ग्रुप चॅटवर ठरवलं होतं. त्यात ब्रेडीशी भिडला तो सॅम बेनेट, म्हणजे मॅथ्यूचा फ्लोरिडातला संघसोबती. चार महिन्यांनी मॅथ्यू आणि बेनेट दोघांनी मिळून स्टॅनले कप उचलला.

एकजुटीचा सर्वांत मोठा धडा मात्र पुरुषांनी घालून दिलेला नाही. २०१७ च्या मार्चमध्ये जागतिक स्पर्धेला दोन आठवडे असताना अमेरिकेच्या महिला संघाने मानधन आणि सुविधांसाठी खेळायला नकार दिला. फेडरेशनने बदली खेळाडू शोधायला फोन फिरवले. कॉलेजातल्या, अगदी शाळकरी मुलींनीही नाही म्हटलं. करार झाला, संघ गेला आणि सुवर्ण घेऊन आला. १९५७ च्या डेट्रॉइटशी ताडून बघा. २०१९ मध्ये कॅनडातली महिला लीग बंद पडल्यावर दोनशेहून जास्त खेळाडूंनी, त्यांत कट्टर वैरी अमेरिकन आणि कॅनेडियन दोन्ही, जाहीर केलं की पोट भरेल आणि विमा मिळेल अशी लीग उभी राहीपर्यंत आम्ही उत्तर अमेरिकेतल्या कुठल्याच व्यावसायिक लीगमध्ये खेळणार नाही. चार हंगाम त्यांनी तात्पुरत्या सामन्यांवर काढले. २०२३ मध्ये नवी लीग जाहीर झाली, आणि पहिला पक बर्फावर पडायच्या आधीच, त्या वर्षीच्या उन्हाळ्यात, सामूहिक करारावर सह्या झाल्या: किमान पगार ३५ हजार डॉलर, आणि प्रत्येक संघात निदान सहा जणींना ८० हजार किंवा जास्त.

या लीगमध्येही आता मालकी आणि वाढीचं गणित सुरू झालंय. २०२५ च्या उन्हाळ्यात सिअ‍ॅटल आणि व्हँकुव्हर हे दोन संघ नव्याने आले, तेव्हा आधीच्या प्रत्येक संघाला सुरुवातीला फक्त तिघीच राखून ठेवता येत होत्या. बॉस्टनची कप्तान हिलरी नाइट सिअ‍ॅटलला गेली. सलग दोन वर्षं विजेता ठरलेल्या मिनेसोटाच्या बचावफळीतल्या सोफी जॅक्स आणि क्लेअर थॉम्पसन व्हँकुव्हरला. यातल्या बऱ्याच जणींनी २०१९ चा बहिष्कार एकत्र सोसला होता, आणि आता त्या एकमेकींविरुद्ध खेळतात.